दोन इंचांचा माज

माझा पुतण्या ‘ओव्हरलँडिंग’ करतो. म्हणजे काय, असं मी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं. म्हणाला, “काका, जमिनीवरून लांबचा प्रवास. रस्ता असो-नसो. गाडीतच झोपायचं, गाडीतच खायचं.” मी बत्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात पाटे बदलण्यात घालवली. एवढ्या काळात आभाळातून आलेली एकही गाडी माझ्या खड्ड्यावर लागली नाही. सगळ्या जमिनीवरूनच आल्या. आणि गाडीतच झोपायचं म्हणाल, तर वस्तीच्या गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर जन्मभर तेच करत आले. मागच्या लांब बाकावर एक, पुढं दाराशी दुसरा, आणि डासांना दोघे सारखेच. त्यांच्या पाठीवर कुणी साहसवीर म्हणून थाप मारल्याचं ऐकिवात नाही.

गेल्या वैशाखात तो जोडीनं नाते गावी आला. महाडच्या नातेखिंडीतून रायगडाकडे वळलं की लागणारं हे आमचं गाव. गडाची घाई असलेल्यांना ते दिसतच नाही. गाडी अंगणात शिरेना. टपावरच्या तंबूची पेटी फणसाच्या फांदीला अडली. सूनबाई खाली उतरून “अजून थोडं, अजून थोडं” करत होती, तेवढ्यात फांदीवरचा एक फणस देठातून सुटला आणि पेटीवर आपटून फुटला. चीक कव्हरभर. तो चीक पाण्यानं जात नाही, साबणानं जात नाही. शेवटी आमच्या मंडळींनी खोबरेलाची बाटली दिली आणि परदेशी कापडाच्या त्या कव्हराला नवरा-बायको तासभर तेल चोळत बसले.

ज्या गावात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १८९६ साली जन्मले, त्या गावातून हिशेब मांडल्याशिवाय कुणाला जाऊ द्यायचं नाही, असा माझा खाजगी कायदा आहे. जेवण झाल्यावर मांडला. पुढच्या स्प्रिंगा, मागचे पाटे आणि चार शॉकप मिळून १,४०,०००. तंबू १,१५,०००. गाडीतला फ्रीज ५५,०००, बाजूला उघडणारं छप्पर २८,०००, दुसरी बॅटरी नि वायरिंग ३२,०००. बेरीज ३,७०,०००. गाडी जुनी घेतलेली, ती किंमत वेगळी. “अजून विंचचं बिल धरलं नाही काका,” तो लाजत म्हणाला. पहिल्या पगाराचा आकडा सांगताना मुलं लाजायची, तसा.

पैसे त्याचे, मला त्यात काय? काही नाही. पण मग मी बॅटरी घेऊन गाडीखाली शिरलो. सवय वाईट.

पिकअपच्या मागच्या एक्सलपासून चासीपर्यंत एक बारीक कांडी जाते. बोटाएवढी जाड, दिसायला भिकार. तिचं वरचं टोक ब्रेक ऑईलच्या एका वाल्वला जोडलेलं असतं. मागं माल पडला की चासी बसते, कांडी वाल्व उघडते आणि मागच्या ब्रेकला जोर मिळतो. गाडी रिकामी असली की चासी वर राहते आणि मागच्या ब्रेकचा जोर वाल्व कमी ठेवतो, नाहीतर हलकी झालेली मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी फिरते. आमच्या चिरंजीवांनी गाडी मागून दोन इंच उचलून घेतली होती. कांडी मूळ जागी, मूळ सेटिंगला. म्हणजे हौद्यात आणि टपावर मिळून चारशे किलोच्या आसपास सामान, आणि वाल्वच्या मते गाडी रिकामी! अशा गाडीत हा पोरगा पोलादपूरहून आंबेनळी चढून महाबळेश्वरला जाणार होता आणि दुसऱ्या दिवशी तोच घाट उतरणार होता. आंबेनळी काय आहे, हे २८ जुलै २०१८ नंतर इथं कुणाला सांगावं लागत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस त्या दिवशी दरीत गेली, तीस माणसं गेली.

“किट लावणाऱ्यानं याचं काही सांगितलं नाही?”

“त्यानं स्टिकर दिले, काका.”

स्टिकर मी पाहिले होते. एक दाराला, एक मागच्या काचेला. कांडी सरळ करून नव्या उंचीला लावायला मला पाऊण तास आणि चौदाचा पाना लागला.

या धंद्यातली सगळी लबाडी त्या कांडीत आहे. गाडी उंच दिसली की काम झालं असं गिऱ्हाईकालाही वाटतं आणि लावणाऱ्यालाही. शॉकप वजन उचलतो, ही अंधश्रद्धा किती जणांची आहे हे तर मी आता मोजणं सोडलं आहे. वजन उचलतो पाटा. शॉकपचं काम पाट्याचा नाच थांबवायचं, बस. आणि पाटा वजन मागतो. भरलेल्या एसटीत मागच्या बाकावर माणूस घोरतो. त्याच बाकावर रिकाम्या एसटीत मणके बोलायला लागतात. गाडी तीच, रस्ता तोच. चारशे किलो सामानासाठी बांधलेले पाटे लावायचे, वर्षातले पंधरा दिवस सामान भरायचं आणि उरलेले साडेतीनशे दिवस एकट्यानं लॅपटॉपची बॅग घेऊन पिंपरी ते हिंजवडी करायचं, तर मागची बाजू बकरीच्या पोरासारखी उड्या मारणार नाहीतर काय करेल? पोटातलं पाणी हलतं म्हणून तो आता आणखी महागडे शॉकप बघतो आहे. आधी दुखणं विकत घ्यायचं, मग औषध, आणि मग औषधाचं वजन झालं म्हणून पुन्हा पाटे.

त्याच्याच टीव्हीवर त्यानं मला एक जुनी गोष्ट दाखवली. १९५५ साली ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या सहा पोरांनी दोन लँड रोव्हर लंडनहून काढल्या आणि १९५६च्या मार्चात सिंगापूरला नेल्या. मला त्यात एकच गोष्ट पाहायची होती, आणि ती होती तशीच होती. दोन्ही गाड्यांना पुढं-मागं साधे पाटे.

आता रस्त्याकडे येतो, कारण खरा राग तिथं आहे.

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं. त्या वर्षी आमच्या आळीत जन्मलेली पोरं दहावीच्या वयाला आली. रस्ता नाही आला. आमचा महाड-रायगड रस्ताही रुंदीकरणासाठी खणला गेला, तेव्हा गडावर जाणाऱ्यांनी आणि दवाखान्यात जाणाऱ्यांनी सारखीच धूळ खाल्ली. आम्ही याला खड्डा म्हणतो, दगड-माती म्हणतो, आणि आणखी काय म्हणतो ते इथं छापता येणार नाही. पुतण्याच्या भाषेत मात्र या सगळ्याला ‘टेरेन’ म्हणतात. ज्या उखडलेल्या उतारावर आमच्याकडच्या बाळंतिणीला रिक्षात दोन्ही बाजूंनी धरून न्यावं लागलं, त्या उतारावर तो तीनदा वर-खाली करून सूनबाईकडून व्हिडिओ काढून घेतो. एकदा मागचं चाक हवेत गेलं तेव्हा दोघांनी टाळ्या वाजवल्या.

पुतण्या तसा गुणी आहे, माझी चीड त्याच्यावर नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. रस्त्यासाठी बोंब मारली तर ज्यांची बोंब वर ऐकू जाते, अशी माणसं थोडी. शिकलेली, इंग्रजीतून अर्ज लिहिणारी, साहेबांना नावानं ओळखणारी. तीच माणसं आता खड्ड्याचा प्रश्न दीड लाखात घरच्या घरी सोडवतात. खड्डा जागच्या जागी राहतो, त्यांच्या कमरेला तो लागेनासा होतो, झालं. एकदा लागेनासा झाला की त्याचा राग कुठून येणार? उलट पुढच्या वर्षी डांबर पडलं तर हिरमुसतात. “काका, तो आतला रस्ता केला वाटतं? मजा गेली.” हे वाक्य मी माझ्या ओटीवर ऐकलेलं आहे. ऐकून मी सुपारी कातरत राहिलो, कारण हातात अडकित्ता होता आणि सूनबाई समोर होती.

आणि रस्त्याची प्रत्येक चूक पाट्यानं झाकता येते हा भ्रम ज्यांना आहे, त्यांनी सावित्रीवर उभं राहावं. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. दोन एसट्या आणि एक तवेरा त्या अंधारात तशाच पुढं गेल्या. रोजच्या पुलावर ब्रेक कशाला मारायचा? त्या दोन गाड्यांचे पाटे कुणीतरी माझ्यासारख्यानंच कुठल्यातरी डेपोत तपासून दिलेले असणार, ठाकठीक. नवा पूल पुढं १६५ दिवसांत उभा राहिला. म्हणजे मनात आणलं तर होतं. हे १६५ मी मुद्दाम पाठ ठेवले आहेत आणि भेटेल त्याला ऐकवतो.

कायद्याची गंमत वेगळीच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. माझ्या ओळखीचा एक भाजीवाला पिकअप चालवतो. त्यानं मागं एकेक पाटा जास्त चढवला, कारण कांद्याच्या गोण्या कवितेसारख्या हलक्या नसतात. एका नाक्यावर त्याला धरलं, पावती फाडली, पाटे उतरवून दाखव म्हणाले. त्यानं चूकच केली. मी त्याला आधीच तसं सांगितलं होतं. पण त्याच नाक्यावरून त्याच आठवड्यात आमचा पुतण्या दोन इंच उंच गाडी, टपावर तंबू नि नाकाडावर लोखंडी बंपर घेऊन गेला. साहेबांनी गाडी थांबवली खरी. विचारलं काय, तर “किती ॲव्हरेज देते?” आणि गाडीसोबत फोटो काढला. गरजेपोटी चढवला तर गुन्हा, हौसेपोटी चढवला तर कौतुक. पाट्याला हा फरक कसा कळणार, तो बिचारा लोखंडाचा.

तंबूबद्दलही बोललं पाहिजे. रात्री त्यांनी तो उघडला. शिडी लागली, आत गादी, दिवा, खिडकीला जाळी; झकास होता, खोटं कशाला बोलू. सूनबाई वरून म्हणाली, “काका, या ना बघायला. छपरावर झोपायची मजाच वेगळी.”

छपरावर झोपायची मजा महाड शहराला विचारा. २२ जुलै २०२१ला सावित्री-गांधारीचं पाणी चढलं तेव्हा अर्ध्या गावानं ती घेतली. खाली दुकानात चिखल, वर गच्चीवर माणसं, ना लाइट, ना फोन, आणि चहूकडे पाणी असून प्यायला नाही. आमचे मेहुणे दोन रात्री गच्चीवर ताडपत्रीखाली होते. त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीच्या वर माणसं घेऊन गेला. जे वाचले, त्यांना घर म्हणून कंटेनर मिळाले. पत्र्याचे, उन्हाळ्यात भाजणारे. त्यातही परदेशात हौसेनं राहतात म्हणे, नाव ‘टायनी होम’. मी तो शब्द पुतण्याकडूनच शिकलो आणि त्याला तिथल्या तिथं सांगितलं की तळियेच्या रस्त्यानं गेलास तर हा शब्द तोंडातून काढू नकोस. तो गप्प झाला. चांगलं पोर आहे, म्हटलं ना.

या मुलखातून लांबचा प्रवास जुनाच आहे. महाड बंदरातून मीठ बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर जायचं. धनगर अजून मेंढरं घेऊन फिरतो. त्याचा तंबू, अंथरूण, पांघरूण आणि पावसाळी कोट मिळून एक घोंगडी. वजन तीन-चार किलो, टपावर चढवावी लागत नाही. पण तिच्या जाहिराती येत नाहीत, कारण ती एकदा घेतली की वर्षानुवर्षं दुसरी लागत नाही.

एक मात्र कबूल करतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला, कुठंतरी झाड तारेवर पडलं आणि लाइट गेली. ती दुसऱ्या रात्रीपर्यंत आली नाही. शेजारच्या आजींची इन्सुलिन त्यांच्या मुलानं माठाच्या गारव्याला ठेवली होती. पुतण्याला कळलं तसा तो स्वतःच उठून गेला, कुप्या आणल्या आणि फ्रीजच्या वरच्या कप्प्यात बिअरचे डबे काढून ठेवल्या. आकडा शून्याच्या खाली होता. मी ओरडलो, इन्सुलिन गोठली की कामातून गेली. त्यानं तो चारवर आणला आणि रात्री दोनदा उठून बघितला. डबे तोवर अंगणात तापत पडले. ५५,००० रुपयांचं काय व्हायचं ते एका रात्रीत झालं, हा हिशेब मी त्याला वजा करून दिला. उरले ३,१५,०००.

चौथ्या दिवशी पहाटे ते निघाले. कांडी मी पुन्हा एकदा हातानं हलवून पाहिली. गाडी फाटकाशी आली तर समोरून तोच भाजीवाला पिकअप घेऊन आत येत होता, एका बाजूला कललेला. मेन पाटा तुटला होता. एक्सल आणि चासीच्या मध्ये त्यानं जांभळाच्या लाकडाचा ठोकळा घालून सुंभानं करकचून बांधला होता आणि पोलादपूरपासून तसाच, कांद्यासकट, आला होता.

पुतण्या उडी मारून उतरला. गुडघ्यावर बसून त्यानं त्या ठोकळ्याचे चार बाजूंनी फोटो काढले. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात विचारलं, “काका, हे कोणत्या कंपनीचं?”

“दादा,” भाजीवाला म्हणाला, “गाडी जरा बाजूला घेता का? माल उतरवायचाय.”