कोळसा संपला, आता जमीन गावाला द्या!

ऑगस्ट 2022 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्गुस येथे आमराई वॉर्डातील एक अख्खे घर बघता बघता जमिनीत गेले. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुनी भूमिगत खाण. खाणीत राबलेल्या कामगाराला यात कोडे वाटणार नाही. कोळसा काढल्यावर पोकळीत वाळू भरावी लागते. या स्टोइंगमधून एक टनही कोळसा निघत नाही, नुसता खर्च होतो!

त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कोळसा संपलेल्या जमिनींचे धोरण मंजूर केले. 1957 च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याने घेतलेल्या या जमिनी. विदर्भातील कापसाची, तुरीची कितीतरी शेते राष्ट्राची गरज म्हणून याच कायद्याने गेली. आता गरज संपली, तरी मालकी सरकारी कंपनीकडेच राहणार आणि बोली लावून जमीन भाडेपट्ट्याने जाणार: वॉशरीला, वीज प्रकल्पाला, कोळशाच्या गॅसीकरणाला. यादीत पुनर्वसन आणि वनीकरणही आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण मूळ शेतकऱ्याला जमीन परत? ते नाही. उलट सरकारला चिंता अशी, की मोकळ्या जमिनीवर अतिक्रमण होईल. ज्याच्या बापाने तेथे नांगर धरला, तोच आता अतिक्रमण करणारा ठरायचा काय?

व्यवस्थापन म्हणेल, आम्ही झाडे लावतो, सावनेरला 2016 मध्ये इको पार्क केला. चांगले केले. परंतु मातीच्या ढिगाऱ्यावर रोपांच्या रांगा उभ्या करणे वेगळे आणि जमीन पिकती करणे वेगळे. त्यासाठी वरची काळी माती आधीच बाजूला काढून जपावी लागते आणि खड्डा भरल्यावर पुन्हा पसरावी लागते. 2009 पासून खाणबंदीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या कामांसाठी एस्क्रो खात्यात पैसाही ठेवावा लागतो.

कबूल करायला हवे, की आम्ही संघटनांनीही वेतन करारापुढे पाहिले नाही. जमिनीचा प्रश्न गावकऱ्यांचा म्हणून सोडून दिला.

म्हणून आमची मागणी आहे: खाणबंदीचा आराखडा मराठीतून ग्रामसभेपुढे ठेवा आणि तिची संमती घ्या. खड्ड्यातील पाण्यावर पहिला हक्क गावाचा. माती पसरण्याचे, झाडे जगवण्याचे काम खाण बंद झाल्यावर घरी बसणाऱ्या कंत्राटी कामगारांना थेट कंपनीच्या हजेरीपटावर घेऊन द्या, मधला ठेकेदार नको. आणि जुन्या भूमिगत खाणींचे नकाशे वर राहणाऱ्या प्रत्येक वस्तीत लावा, पुढचे घर खचण्याआधी.