टिपणे की छायाचित्रे?

मोबाइलने विद्यार्थी बिघडला, अशी तक्रार आपले प्राध्यापक नेहमी करतात. मला ती अर्धीच खरी वाटते. मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी कोश आज खेड्यातल्या विद्यार्थ्यालाही मोबाइलवर फुकट पाहता येतो. पूर्वी त्यासाठी ग्रंथालयाची पायरी चढावी लागे. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण फळ्यावरील मजकुराचे छायाचित्र घेतले की अभ्यास झाला, ही समजूत घातक आहे. टिपण काढताना काय घ्यावे नि काय गाळावे, हे आपल्याला ठरवावे लागते. तो निवाडा हाच खरा अभ्यास. ती सवय मोडली तर उत्तरपत्रिकेपुढे बसल्यावर आपले असे लिहायला काय उरणार? तेव्हा मित्रहो, कोश मोबाइलवर जरूर पाहा. टिपण मात्र स्वतःच काढा!