फुकटच्या कोर्सचे तिकीट कोण काढते?



बारावी झालेली किंवा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात असलेली मुलगी घरात सांगते, "अब्बा, आयआयटीच्या प्रोफेसरांचा कोर्स मोबाइलवर आहे. फुकट आहे." अब्बांचा प्रश्न ठरलेला असतो, "फुकट? मग त्यांना काय मिळतं?" अम्मीला वेगळी काळजी असते, "पुढे पैसे मागणार नाहीत ना?" आणि पुष्कळ घरांत विषय तिथेच मिटतो. या महिन्यात याच दोन प्रश्नांबद्दल बोलू. प्रश्न अगदी योग्य आहेत. नुकसान होते ते उत्तर न शोधता विषय मिटवण्याने.

फुकट काहीच नसते, हे घरातल्या मोठ्यांना ठाऊक असते. स्वारगेटच्या एसटी स्टँडवर उभे राहिले की याचा दाखला रोज दिसतो. 17 मार्च 2023 पासून राज्यात एसटीच्या बसमध्ये महिलांना अर्धे तिकीट आहे. साताऱ्याच्या गाडीत बसलेली आपली आपा निम्मे भाडे देते. पण तिच्यासाठी डिझेल निम्मे लागत नाही, की ड्रायव्हर-कंडक्टरचा पगार निम्मा होत नाही. उरलेले निम्मे भाडे राज्य सरकार एसटी महामंडळाला देते आणि सरकारच्या तिजोरीत पैसा जातो तो आपल्याच करातून. म्हणून अर्धे तिकीट घेताना कोणाला शंका येत नाही. बाकीचे कोण भरतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

विद्यापीठांच्या मोफत ऑनलाइन कोर्सचेही तसेच आहे. तिकीट कोणीतरी काढलेलेच असते. ते कोणी काढले एवढे कळले, की कोर्सवर भरवसा किती ठेवायचा आणि पुढे पैसे मागितले जातील की नाही, ही दोन्ही उत्तरे मिळतात. ढोबळमानाने तिकीट काढणारे तीन आहेत: सरकार, दाते आणि व्यापारी.

आधी सरकार. 2003 मध्ये सात आयआयटी आणि बंगळुरूची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स यांनी मिळून 'एनपीटेल' हा उपक्रम सुरू केला. प्रोफेसरांची व्याख्याने चित्रित करायची आणि सर्वांसाठी खुली ठेवायची, असे हे काम. खर्च केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याचा. 2014 पासून त्यात परीक्षा आणि प्रमाणपत्र आले. पुढे 9 जुलै 2017 रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'स्वयम' सुरू झाले. यात केवळ इंजिनिअरिंग नाही. वाणिज्य, मानसशास्त्र, इंग्रजी, शिक्षणशास्त्र असे विषयही आहेत. त्याच दिवशी 'स्वयम प्रभा' या नावाने 32 शैक्षणिक टीव्ही वाहिन्याही सुरू झाल्या. पुढे त्यांची संख्या वाढली. ज्या घरात मोबाइल एक आणि शिकणारी मुले तीन, तिथे डीटीएचवर दिसणाऱ्या या वाहिन्या कामाच्या आहेत.

हे सगळे दिल्लीत होते असे समजू नका. स्वारगेटहून मेट्रोने शिवाजीनगरला उतरून थोडे पुढे गेले की गणेशखिंडीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. त्याच्या आवारात ईएमआरसी या नावाने ओळखले जाणारे केंद्र आहे. 15 ऑगस्ट 1984 रोजी दूरदर्शनवर यूजीसीचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा कार्यक्रम सुरू झाला. आज चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांना तो आठवत असेल. त्यासाठी कार्यक्रम तयार करणाऱ्या केंद्रांत पुण्याचे हे केंद्र होते, तसेच दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचेही. आज ही केंद्रे स्वयमसाठी कोर्स बनवतात. म्हणजे आपण मोबाइलच्या प्रत्येक रिचार्जवर कर भरतो आणि त्याच तिजोरीतून या व्याख्यानांचा खर्च निघतो. घोरपडे पेठेतल्या किंवा गुलटेकडीतल्या मुलीने हा कोर्स केला, तर ती कोणाचे उपकार घेत नाही. तिच्या घराने भरलेल्या पैशातला आपला वाटा ती उचलते.

दुसरे दाते. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने 2001 मध्ये जाहीर केले, की आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य जगासाठी इंटरनेटवर मोफत ठेवू. सुरुवातीचा मोठा पैसा ह्यूलेट आणि मेलन या दोन धर्मादाय संस्थांनी दिला. बाकीचा भार विद्यापीठाने उचलला. इथे नाव नोंदवावे लागत नाही, फी नाही, आणि प्रमाणपत्रही नाही. फक्त ज्ञान.

ही पद्धत आपल्या घरांना नवीन वाटायला नको. आपल्याकडे तिचे नाव वक्फ आहे. मोरोक्कोतल्या फेस शहरात इ.स. 859 मध्ये फातिमा अल-फिहरी यांनी वडिलांच्या वारशातून अल-करवियीन मशीद उभारली, असे परंपरा सांगते. तिथून पुढे जगातले एक जुने विद्यापीठ घडले. बगदादच्या निझामियासारख्या मदरशांमागेही वक्फच होता. दुकानांचे, जमिनींचे उत्पन्न शिकवणाऱ्यांच्या पगाराला आणि शिकणाऱ्यांच्या जेवणाला जात असे. विद्यार्थ्याला फुकट मिळत होते, कारण कोणीतरी आपली मिळकत अल्लाहच्या नावाने बाजूला काढून ठेवली होती.

तिसरे व्यापारी. 2012 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन प्राध्यापकांनी 'कोर्सेरा' सुरू केली. तिच्यात गुंतवणूकदारांचा पैसा आहे आणि 2021 मध्ये ती शेअर बाजारात आली. त्याच 2012 मध्ये हार्वर्ड आणि एमआयटी यांनी प्रत्येकी तीन कोटी डॉलर घालून 'एडएक्स' उभी केली. ती नफा न कमावणारी संस्था होती. 2021 मध्ये ती 80 कोटी डॉलरला एका खासगी कंपनीने विकत घेतली आणि 2024 मध्ये त्या कंपनीनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. यावरून एक गोष्ट घ्यावी. इथले कोर्स चांगले असतात, जगातल्या नामांकित विद्यापीठांचे असतात. पण गुंतवणूकदाराला पैसा परत हवा असतो, म्हणून काल फुकट असलेले आज फुकट राहील याचा भरवसा नाही. अनेक कोर्सची व्याख्याने पाहता येतात, प्रमाणपत्राला मात्र पैसे पडतात. 'पहिले सात दिवस मोफत' असे लिहून कार्डाचा नंबर मागितला, तर आठव्या दिवशी पैसे कापले जाणार हे समजून चालावे. कोर्सेरावर ऐपत नसलेल्यांना फीमध्ये मदतीसाठी अर्ज करता येतो. आधी तो रकाना शोधावा, कार्ड नंतर काढावे.

आता अम्मीच्या प्रश्नाकडे येऊ. स्वयमवर पैसे मागतात का? शिकण्याचे नाही. नाव नोंदणी, व्याख्याने, दर आठवड्याचा गृहपाठ, शंका विचारणे हे सगळे विनामूल्य. प्रमाणपत्र हवे असेल तर केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते आणि तिची फी असते. अलीकडच्या सत्रांत ती एका कोर्सला साधारण साडेसातशे ते हजार रुपयांच्या घरात राहिली आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना सवलत असते. काही परीक्षांत ती ओबीसी नॉन-क्रिमिलेअर आणि ईडब्ल्यूएस दाखला असणाऱ्यांनाही मिळते. आपल्या अनेक घरांत असे दाखले कपाटात पडून असतात. फॉर्म भरताना ते बाहेर काढा.

स्वारगेटसारख्या गर्दीच्या ठिकाणी खांबांवर, भिंतींवर 'घरबसल्या पदवी', 'प्रवेश हमखास' अशा पत्रकांची कमी नसते. म्हणून लक्षात ठेवा: स्वयमच्या कोर्सला नाव नोंदवून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर तो एजंट आहे, स्वयम नव्हे. शिवाय हा एक कोर्स आहे, पदवी नव्हे. पदवी हवी असेल तर कॉलेज आहे, नाहीतर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू आहे.

कॉलेजात शिकणाऱ्यांना मात्र या कोर्सचा थेट उपयोग होऊ शकतो. यूजीसीच्या 2021 च्या नियमानुसार एखाद्या अभ्यासक्रमाच्या एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय स्वयममधून करण्याची मुभा विद्यापीठ देऊ शकते. त्याचे क्रेडिट गुणपत्रिकेत येतात. पण आपले कॉलेज तो विषय मान्य करते का, हे कोर्स सुरू होण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

आणखी काही व्यवहाराच्या गोष्टी. सत्रे वर्षातून दोन, जानेवारी आणि जुलै. परीक्षेची फी वेगळी आणि मुदतीत भरावी लागते. ती मुदत कोर्स चालू असतानाच संपते, म्हणून तारीख पहिल्याच आठवड्यात भिंतीवर लिहून ठेवा. एनपीटेलच्या कोर्समध्ये गृहपाठाला 25 आणि परीक्षेला 75 गुण असतात. पैकी गृहपाठात किमान 10 आणि परीक्षेत किमान 30 मिळाले तरच प्रमाणपत्र मिळते. केवळ परीक्षेच्या आदल्या रात्री जागून भागत नाही. नाव नोंदवताना आधार कार्डावर जसे आहे तसेच लिहा. आपल्याकडे एकाच मुलीचे आडनाव शाळेच्या दाखल्यावर शेख आणि आधारवर शैख असते, निकाहनंतर तर तिसरेच होते. नाव जुळले नाही तर परीक्षा केंद्राच्या दारात अडचण येऊ शकते. बहुतेक व्याख्याने इंग्रजीत आहेत, हेही खरे. एनपीटेलने काही कोर्सचा मजकूर मराठीत दिला आहे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात तर संगणकाचे छोटे धडे मराठी आवाजातच मिळतात. सुरुवात तिथून करायला हरकत नाही.

सरकारने, दात्यांनी तिकीट काढले तरी एक भाग घराकडे उरतो. रोज एक तास, एक शांत कोपरा, थोडा डेटा आणि परीक्षेची फी. फुकटचे कोर्स बहुतेक लोक अर्धवट सोडतात, त्याचे मोठे कारण या चार गोष्टींत आहे. विशेषतः मुलींच्या बाबतीत. भाऊ पुस्तक घेऊन बसला की घर हळू बोलते. बहीण मोबाइलसमोर बसली की "जरा चहा टाक" म्हणून हाक येते. लग्न झालेल्या, शिक्षण मध्येच सुटलेल्या सुनेला तर घराबाहेर न पडता पुन्हा अभ्यासाला लागायची ही फार सोपी वाट आहे. तिच्यासाठी तो एक तास राखणे हे सासूच्या आणि शोहरच्या हातात आहे.

फीचा भार जमातीने उचलावा, असे मला वाटते. मोहल्ल्यातल्या 20 मुलामुलींची फी हजाराच्या हिशेबाने 20,000 रुपये होते. एखाद्या वलिम्याच्या सजावटीतही याहून जास्त जातात. मगरिब ते इशाच्या दरम्यान मदरशाची एखादी रिकामी खोली, दिवा-पंखा आणि वायफाय एवढे मिळाले तरी दहा जणांचा अभ्यास होईल. जकातीतून फी द्यायची असेल तर रक्कम हकदाराच्या मालकीत कशी द्यावी, हा मसला आपल्या आलिमांना विचारून घ्यावा. सदक्याला ती अडचण नाही.

माणूस गेल्यानंतरही ज्या तीन गोष्टींचा सवाब चालू राहतो असे अल्लाहच्या प्रेषितांनी (स.) सांगितले, त्यात चालू राहणारा सदका आहे, लोकांना नफा देणारे ज्ञान आहे आणि दुआ करणारी नेक औलाद आहे. एका मुलीचा कोर्स पुरा करून देण्यात या तिन्ही गोष्टी जवळ येतात.

तेव्हा या वेळी मुलीने "फुकट आहे" म्हटले, तर "कोणाचा आहे ते दाखव" म्हणा आणि तिच्या शेजारी बसून पाहा. सरकारचा असेल तर आपलाच आहे. दात्यांचा असेल तर त्यांच्यासाठी दुआ करा. व्यापाऱ्याचा असेल तर अटी वाचून घ्या. आणि मग रोजचा एक तास ठरवून टाका.

अल्लाह आपल्या घरांत नफा देणारे इल्म वाढवो. आमीन.