ठिणगी आणि राखण

शिक्षणसंस्थांच्या इमारतींची डागडुजी बहुधा दोनच प्रसंगी निघते : उन्हाळी सुटीत, अथवा ‘नॅक’ची समिती येऊ घातली असताना. दोन्ही प्रसंगी घाई असते. एकीकडे पत्र्याच्या शेडचे वा जिन्याच्या कठड्याचे वेल्डिंग चालते, दुसरीकडे त्याच व्हरांड्यात रंगाचे डबे आणि थिनर उघडे पडलेले असतात. वर्ग बंद असल्याने पाहणारेही कोणी नसते. दिग्रससारख्या तालुक्याच्या गावचे महाविद्यालय असो वा महानगरातील विद्यापीठाचे आवार, या चित्रात फारसा फरक पडत नाही. आगीच्या दृष्टीने हा अत्यंत धोक्याचा काळ होय. आणि नेमका तोच रूढ अग्निसुरक्षेच्या चौकटीतून निसटतो.

राज्यात कायदा नाही, असे नाही. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ डिसेंबर २००८ पासून अमलात आहे. अग्निशमनाची साधने सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने दर वर्षी जानेवारी आणि जुलै या महिन्यांत सादर करावे, असे त्याने ठरवून दिले आहे. ही तरतूद योग्यच आहे. तथापि प्रमाणपत्र सांगते ते भिंतीवरील साधनांविषयी. दोन प्रमाणपत्रांच्या मधल्या काळात, मे महिन्याच्या एखाद्या दुपारी, कंत्राटदाराचा माणूस ग्रंथालयाच्या छपरावर गॅस कटर पेटवतो, त्याची दखल हे प्रमाणपत्र घेऊ शकत नाही. साधने कायमची असतात. हा धोका चार तासांचा असतो.

वेल्डिंग करताना वा लोखंड कापताना उडणारे कण वितळलेल्या धातूचे असतात. ते फटीतून, नळाभोवतीच्या भोकातून, जाळीतून खालच्या मजल्यावर उतरतात. तेथे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, जुन्या सतरंज्या, थर्मोकोल असे काही असले, तर ते तत्काळ भडकतीलच असे नाही. आतल्या आत धुमसत राहतात. यवतमाळ जिल्ह्यातील वाचकाला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. कापसाच्या गंजीत शिरलेली ठिणगी किती वेळ दडून राहते आणि वरून शांत दिसणारी गंजी पुढे कशी पेटते, हे जिनिंगमधला साधा मजूरही जाणतो. मात्र जे शहाणपण जिनिंगच्या आवारात आहे, ते महाविद्यालयाच्या आवारात पोहोचलेले दिसत नाही.

२१ जानेवारी २०२१ रोजी पुण्याजवळ मांजरी येथे सीरम इन्स्टिट्यूटच्या बांधकाम चालू असलेल्या इमारतीला आग लागून पाच कामगारांचा मृत्यू झाला. वेल्डिंगच्या कामातून ती लागली असावी, असा प्राथमिक अंदाज तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी त्या वेळी व्यक्त केला होता. त्यापूर्वी ११ एप्रिल १९९६ रोजी जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ विमानतळावर, वरच्या रस्त्यावर चाललेल्या वेल्डिंगचे कण सांध्यातून छतात उतरले, तेथील ज्वालाग्राही आवरण पेटले आणि १७ माणसे प्राणास मुकली. जेथे संपत्तीची वा तंत्रज्ञानाची वाण नव्हती, अशा ठिकाणी हे घडले. तेव्हा प्रश्न महागड्या यंत्रांचा नसून शिस्तीचा आहे.

ही शिस्त काही नवी नाही. वेल्डिंग व कटिंगच्या वेळी घ्यावयाच्या अग्निविषयक दक्षतेची भारतीय मानक संहिता १९६५ मध्येच निघाली आणि १९८२ मध्ये सुधारण्यात आली. जगभर मान्य झालेली पद्धत थोडक्यात अशी : काम बाहेर कारखान्यात करून आणता येत असेल, तर ते आवारात करू नये. करणे भाग असेल, तर त्या दिवसापुरती, त्या जागेपुरती लेखी परवानगी घ्यावी. सुमारे ११ मीटरच्या परिसरातील जळाऊ वस्तू हलवाव्यात. ज्या हलत नाहीत त्या न जळणाऱ्या आच्छादनाने झाकाव्यात. अग्निशामक साधन हाताशी ठेवावे. आणि काम संपल्यावरही राखणदाराने तेथेच थांबावे. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने २०१९ मध्ये ही राखण अर्ध्या तासावरून एक तासावर नेली. वेल्डर हत्यारे गोळा करून गेल्यानंतरचा तो एक तास हाच या साऱ्या व्यवस्थेचा कणा होय.

यावर आक्षेप ठरलेला आहे. दोन टाके मारण्यासाठी एवढा उपद्व्याप कशाला? कार्यालयात आणखी एका रजिस्टराची भर पडेल, एवढेच! आक्षेप अगदीच निराधार नाही. राखणदाराविना दिलेली परवानगी हा खरोखर कागदच असतो, आणि उद्या काही विपरीत घडले तर त्या कागदावर सही करणारा लिपिक तेवढा चौकशीत सापडतो. म्हणूनच राखणीचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून दाखविला पाहिजे. तो दाखविला नाही, की सर्वांत कमी दराची निविदा याच तासाची काटकसर करते. ‘जरा लक्ष ठेव’ असे सांगून ज्या शिपायाला पुढच्या क्षणी बँकेत पिटाळले जाते, तो राखणदार नव्हे. राखणदाराला दुसरे काम नसावे, त्याला साधन चालविता यावे, आणि कंत्राटदार कितीही वजनदार असला तरी काम थांबविण्याचा अधिकार त्याला असावा.

परवानगीवर सही प्राचार्यांची वा त्यांनी लेखी नेमलेल्या जबाबदार व्यक्तीची हवी. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठासारख्या विद्यापीठांनी संलग्न महाविद्यालयांसाठी परवानगीचा एक पानी नमुना ठरवून दिला, आणि त्याशिवाय दुरुस्तीचे देयक मंजूर न करण्याचा दंडक संस्थाचालकांनी घालून घेतला, तर पुढच्या सुटीपासूनही आरंभ होऊ शकेल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. एका माणसाची एका तासाची मजुरी लागते. छपरावर काम करणारा मजूर आणि खाली कपाटांत ठेवलेल्या हजारो विद्यार्थ्यांच्या गुणपत्रकांच्या नोंदी यांचे मोल त्या मजुरीहून निश्चितच अधिक आहे.