घरासाठी विकलेली मोटार

खालापूर तालुक्यातील कुंभिवलीसारख्या गावी एखाद्या कामगार तरुणाने हौसेने बदल करून घेतलेली स्पोर्ट्स कार घरासाठी विकावयास काढली, तर त्याला हसण्याचे कारण नाही. हौस ही काही श्रीमंतांचीच मिरास नव्हे. पण सायलेन्सरवर, चाकांवर ओतलेला पैसा बाजार परत देत नाही. शिवाय उत्पादकाच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बजावले आहे.

खरा धोका पुढेच आहे. खाजगी सौद्यानंतर नोंदणी जुन्याच नावावर राहिली, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच नावावर राहते, असा याच न्यायालयाचा २०१८ चा निर्णय आहे. विमा संपलेला असला, तर घराची पुंजी तिकडेच जावयाची. परिवहन कार्यालयात नमुना २९ व ३० दाखल झाल्याखेरीज विकणाऱ्याने किल्ली हातची सोडू नये.