जुगाराला कौशल्याचा मुखवटा

समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब हे घनसावंगी तालुक्यातले. बलोपासना शिकवणाऱ्या समर्थांच्या या मातीतही मोबाईलमार्गे जुगाराचा अड्डा तरुणांच्या खिशात शिरला. ‘पोकर हा कौशल्याचा खेळ, योग्य डाव निवडा आणि कमवा,’ हे त्याचे आमिष! पण डावात जमलेल्या रकमेतून कंपनी आपला वाटा आधी कापून घेते. खेळणाऱ्यांनी मिळून लावलेला पैसा त्यांच्याकडे पुरता परत येतच नाही. मग कमाई कोणाची? धर्मराजालाही शकुनीने असेच पटावर बसवले होते. ऋग्वेदातील अक्षसूक्त तर जुगाऱ्याला फासे सोडून शेती कसायला सांगते. २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. चालकांना ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड. उशीर झाला, पण झाले. आता परदेशी दुकाने चोरवाटेने येतील. मोसंबीच्या पट्टीचे पैसे त्यांच्यापर्यंत कोण पोचवतो, हे पोलिसांनी शोधावे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनीही विचारावे.