हापिसातला गोंगाट आणि कानावरचं दार

गेल्या महिन्याभरात हापिसात मला तिघांनी एकच प्रश्न विचारला. "अरे, नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्यायचाय, वायरलेस. कुठला घेऊ?" एखाद्याने एखादी वस्तू दोनदा घेतली की तो त्या विषयातला तज्ज्ञ, हा आपल्याकडचा जुना नियम. मी सहा वर्षांत तीन घेतले, म्हणजे मी महातज्ज्ञ! त्यातले दोन चुकले होते, हे कुणी विचारत नाही.

तर मंडळी, दरवेळी जेवणाच्या टेबलावर अर्धवट उत्तर देण्यापेक्षा या विकांताला एकदाच सगळं सांगून टाकतो.

आधी आमचं हापिस कसं आहे ते सांगतो, म्हणजे दुखणं कळेल. हिंजवडीतली एक काचेची इमारत, त्यात चौथा मजला. लांबच लांब टेबलं, मध्ये नावापुरती पार्टिशनं. माझ्या डोक्यावर एसीची जाळी, ती दिवसभर घोंघावते. पाठीमागे सपोर्टची टीम, ती दिवसभर कॉलवर. डावीकडे दहा वाजता एका टीमचा स्टँडअप, साडेदहाला दुसरीचा. मधूनमधून कॉफी मशीनचं दळण आणि कुणीतरी टेबलावर ठेवून गेलेल्या फोनची थरथर.

पहिला हेडफोन मी जालावरचे शंभर रिव्ह्यू वाचून घेतला. हापिसात नेला, कानावर चढवला, बटण दाबलं आणि... आहाहा! रात्री लाइट गेल्यावर फ्रिज बंद पडतो आणि मग कळतं की तो इतका वेळ वाजत होता, तसं झालं. एसी गायबच! दोन मिनिटं मी नुसता बसून राहिलो.

तिसऱ्या मिनिटाला लक्षात आलं की सपोर्टवाल्यांचं बोलणं मला आधीपेक्षा स्वच्छ ऐकू येतंय. अगदी तिकीट नंबरासकट!

मला वाटलं, माल खराब निघाला. पण माल चांगला होता, माझीच अपेक्षा चुकीची होती. ती का चुकीची, ते कळण्यासाठी थोडा इतिहास आणि थोडं गणित (घाबरू नका, बारावीचं आहे).

आवाजाच्या लाटेवर तिच्या बरोब्बर उलटी लाट सोडली की दोन्ही एकमेकींना मारतात, ही कल्पना जुनी आहे. पॉल लुएग या जर्मन माणसाला १९३६ साली तिचं अमेरिकन पेटंट मिळालं. पण कानावर घालायची वस्तू व्हायला बराच वेळ लागला. अमर बोस हे एमआयटीतले प्राध्यापक, वडील बंगाली, स्वतः जन्मले आणि वाढले अमेरिकेत. १९७८ साली झुरिकहून बोस्टनला जाताना विमानात दिलेले हेडफोन त्यांनी लावले, तर इंजिनाच्या घरघरीपुढे संगीत धड ऐकूच येईना. त्यांनी विमानातच आकडेमोड सुरू केली. त्यातून १९८९ साली वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला आणि २००० साली तुमच्या-आमच्यासाठीचा.

गोष्टीतलं महत्त्वाचं अक्षर 'विमान' आहे. ही विद्या जन्मली ती इंजिनाच्या घरघरीसाठी, म्हणजे एकसुरी, सतत चालणाऱ्या, खालच्या पट्टीतल्या आवाजासाठी. हापिसातला एसी हा त्या इंजिनाचाच धाकटा भाऊ. माणसाचं बोलणं हा वेगळाच प्राणी आहे.

आता गणित. उलटी लाट वेळेवर पोचली पाहिजे. एका आवर्तनाच्या सहाव्या हिश्श्याएवढी जरी चुकामूक झाली, तरी फायदा शून्य होतो. त्याहून जास्त झाली तर आवाज चक्क वाढतो. १०० हर्ट्झच्या घरघरीचं एक आवर्तन १० मिलिसेकंदांचं, म्हणजे दीड मिलिसेकंदाहून जास्त सूट आहे. १००० हर्ट्झला ती ०.१७ मिलिसेकंदावर येते आणि ४००० हर्ट्झला जेमतेम ०.०४ वर. ही तर फायदा शून्य होण्याची हद्द झाली. आवाज खरोखर दाबायचा तर चूक याच्याही पुष्कळ आत ठेवावी लागते. म्हणून हे तंत्र खालच्या पट्टीत राजा असतं आणि वर जाताजाता हात टेकतं. आणि बोलण्यातले शब्द ओळखू येतात ते मुख्यतः स, श, च, ट यांसारख्या व्यंजनांवरून, ज्यांचा मुक्काम बराचसा १००० हर्ट्झच्या वर.

वरचे आवाज अडवण्याचं काम करते ती कानावरची गादी, आपली साधी बिनबॅटरीची गादी! आणि एसीची घरघर इतके दिवस त्या बोलण्यावर पांघरूण घालत होती. मी पैसे मोजून ते पांघरूण काढून टाकलं.

बरं, बोलणंच एवढं का छळतं? कारण आपला मेंदू बोलणं ऐकायचं थांबवू शकत नाही. कोले आणि वेल्श या दोघांनी १९७६ साली एक प्रयोग छापला. लोकांना अक्षरांची यादी लक्षात ठेवायला सांगितली आणि मागे त्यांना न कळणाऱ्या जर्मन भाषेतला उतारा लावला. तरी चुका वाढल्या. म्हणजे शेजारचा तेलुगूत बोलतोय आणि आपल्याला तेलुगू येत नाही, यानेही सुटका नाही. २०१० साली आणखी एक निष्कर्ष आला की फोनवरच्या संभाषणाची एकच बाजू ऐकू येणं हे दोन्ही बाजू ऐकू येण्यापेक्षा जास्त लक्ष उडवतं. साहजिकच आहे. पलीकडचा काय म्हणाला असेल, याचा अंदाज बांधायचं काम मेंदू न विचारता अंगावर घेतो. आणि हापिसात काय असतं? सगळ्यांच्या कानात हेडफोन, सगळे मीटिंगमध्ये, म्हणजे सगळीकडे एकेकच बाजू!

तर आता मूळ प्रश्न. कुठला घ्यायचा? आज बाजारात स्वस्तापासून महागापर्यंत सगळं मिळतं. मॉडेल दरवर्षी बदलतं, म्हणून नावं सांगत नाही. पद्धत सांगतो.

१. आधी रिव्ह्यू वाचू नका. एक दिवस हापिसात अर्धा तास कान उघडे ठेवून बसा आणि कागदावर लिहा, लक्ष नेमकं कशाने उडालं? एसी, पंखा, सर्व्हर, बसमधलं इंजिन असं काही असेल, तर साधारण बऱ्या ब्रँडचा मधल्या किमतीचाही पुरे. यादीत माणसंच असतील, तर गादी कानाभोवती किती घट्ट बसते हे आधी बघा, ॲप आणि बाकीची फीचरं नंतर.

२. चष्मा असेल तर चष्म्यासकट घालून बघा. काडीपाशी फट राहिली की खालच्या पट्टीतला फायदाही गळतो. इअरबड घेत असाल तर सोबत येणाऱ्या सगळ्या मापांची रबरं लावून बघा. बहुतेक लोक आधीपासून लावलेलं मधलं मापच आयुष्यभर वापरतात. नीट बसलेला इअरबड बोलणं अडवण्यात मोठ्या हेडफोनला सहज टक्कर देतो.

३. दुकानात गाणं लावून बघू नका. गाणं सगळ्यांवर छान वाजतं. गाणं बंद, कॅन्सलिंग चालू, आणि सोबतच्या मित्राला दोन हात अंतरावर उभं राहून नेहमीच्या आवाजात बोलायला सांगा. हीच खरी परीक्षा. निदान वीस मिनिटं डोक्यावर ठेवा. अडीचशे ग्रॅम म्हणजे काही नाही असं वाटतं, पण चार तासांनी टाळूला कळतं. आपल्याकडच्या घामाने नकली चामड्याचे पोपडे निघतात, तेव्हा सुट्या गाद्या मिळतात का तेही विचारून ठेवा. (माझा दुसरा हेडफोन याच कारणाने गेला.)

४. तुमच्या कानाला शांतता मिळते म्हणून समोरच्याला मिळते असं नाही. माइकमागचा गोंगाट कमी करणं हे वेगळं काम आहे. गजबजलेल्या जागेतून एखाद्याला फोन लावा आणि त्याला विचारा. लॅपटॉपला ब्लूटूथने जोडून हेडफोनचाच माइक चालू केलात की ऐकू येणारा आवाजही बहुधा एकदम जुन्या टेलिफोनसारखा होतो. तो बिघाड नाही, ब्लूटूथची ती कॉलची तऱ्हाच आहे. माइक लॅपटॉपचा आणि ऐकायला हेडफोन, हा साधा उपाय.

५. लॅपटॉप आणि फोन दोन्हीला एकाच वेळी जोडता येतो का, आणि बॅटरी संपल्यावर वायर लावून चालतो का, हे दोन प्रश्न विचाराच.

आणि हो, उरलेलं बोलणं बुडवायला आवाज वाढवत नेऊ नका. ८५ डेसिबलला आठ तास ही कामगारांच्या कानांसाठी धरलेली मर्यादा आहे आणि पुढच्या दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. हळू आवाजात पावसाचं किंवा पंख्याचं रेकॉर्डिंग लावा. म्हणजे काढून टाकलेलं पांघरूण आपल्या मापाचं करून परत घ्यायचं. शब्द असलेली गाणी कोड लिहिताना नकोत. डिमार्को आणि लिस्टर यांच्या 'पीपलवेअर' या १९८७ च्या पुस्तकात कॉर्नेल विद्यापीठातला एक जुना प्रयोग सांगितलाय. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे दोन गट, एक शांत खोलीत, दुसरा कानात संगीत लावून. दिलेला प्रोग्राम दोघांनीही सारख्याच वेगाने, सारखाच बरोबर लिहिला. पण सगळी आकडेमोड करून उत्तर म्हणून दिलेला आकडाच परत येतो, ही त्यातली गंमत ज्यांच्या लक्षात आली, त्यांतले बहुसंख्य शांत खोलीतले होते.

इथपर्यंत मी त्या तिघांनाही कमीजास्त सांगितलं होतं. पुढचं सांगितलं नव्हतं.

तिसरा हेडफोन अगदी मनासारखा मिळाला. बोलणंही बऱ्यापैकी दाबणारा. सकाळी चढवायचा तो संध्याकाळी बसमध्ये चढल्यावरच काढायचा. माझं काम झपाट्याने होत होतं आणि मी खुशीत होतो. त्याच सुमारास माझ्या उजवीकडे एक नवीन मुलगी बसायला लागली. लातूरकडची, कॉलेजातून थेट आलेली. तिसऱ्या दिवशी स्टँडअपमध्ये मॅनेजरने तिला सगळ्यांसमोर विचारलं, "अजून बिल्डच होत नाहीये?" ती काहीच बोलली नाही. नंतर मी तिच्या स्क्रीनकडे पाहिलं. मशिनवर जावाची जुनी आवृत्ती पकडली जात होती, एवढंच. दोन मिनिटांचं काम.

मी म्हटलं, "अगं, मी शेजारीच तर बसतो. विचारायचं ना!"

"दोनदा हाक मारली सर. तुम्ही हेडफोन लावले होते. कामात होतात."

पुढे बऱ्याच दिवसांनी ती म्हणाली की त्या तीन दिवसांत तिने आईला फोन करून सांगितलं होतं, मला हे काम जमेल असं वाटत नाही.

मी स्वतः हे काम कसं शिकलो ते आठवलं. पुस्तकांतून थोडं, आणि बरंचसं पलीकडच्या क्युबिकलमधून. आमचा एक सीनियर रात्री क्लायंटशी फोनवर बोलायचा. समोरचा ओरडत असला तरी हा शांतपणे आधी लॉग मागायचा. मला कुणी हे 'शिकवलं' नाही. ते कानावर पडलं. त्या काळात माझ्या कानांवर आजच्यासारखी गादी असती, तर कदाचित आजही मी लॉग न वाचता अंदाज मारत बसलो असतो.

त्यामुळे माझं मत आता असं झालंय की हेडफोन म्हणजे दार आहे. कंपनीने भिंती काढल्या, जागेचं भाडं वाचवलं, आणि आपण पगारातून दार विकत घेतलं. भिंती काढल्याने माणसं जास्त बोलतात म्हणावं, तर तेही नाही. दोन बड्या अमेरिकन कंपन्यांनी भिंती काढल्या तेव्हा समोरासमोरचं बोलणं साधारण ७० टक्क्यांनी घटलं, असं हार्वर्डच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं. माणसं मेलवर आणि चॅटवर गेली. खरं तर हा खर्च कंपनीचा आहे, कीबोर्ड-माऊससारखा. निदान मागून तरी बघा.

दार असायला माझी हरकत नाही. ते उघडायला हवं, इतकंच. माझा आता नियम आहे, सकाळी दहा ते साडेबारा हेडफोन कानावर, जेवणानंतर गळ्यात. गळ्यात असला की कुणीही बिनधास्त हाक मारावी. कानावर असताना अर्ध्या तासाहून जास्त अडकलात, तर टेबलावर टकटक करा. नवीन येणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी सांगतो.

दुसरी गोष्ट, आम्ही सपोर्ट टीमची जागा बदलून मागितली. दोन महिने आणि बरेच मेल लागले, पण ती मंडळी आता कोपऱ्यातल्या खोलीत बसतात. त्यांनाही बरं पडलं, कारण आमच्या स्टँडअपचा आवाज त्यांच्या कॉलमध्ये जायचा (हे आम्हाला माहीतच नव्हतं!). माझ्या तिन्ही हेडफोनांनी मिळून जेवढी शांतता दिली नाही, तेवढी या एका बदलाने दिली.

असो. ती मुलगी आता टीममध्ये छान रुळली आहे. गेल्या महिन्यातल्या त्या तिघांत एक तीही होती, आणि तिच्या शेजारी आता एक नवीन मुलगा बसतो. त्यामुळे 'कुठला घेऊ?' असं तुम्ही विचारलंत, तर मी आधी दोन प्रश्न विचारीन. आवाज कशाचा येतो? आणि शेजारी कोण बसतं?